क्लच नसलेल्या गाडीतला डावा बूट

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे, आणि त्यातही डावा. हे दुसरं मुद्दाम सांगतो, कारण जगात डाव्याची किंमत काय असते ते तुमच्या बोलण्यावरूनच कळतं. कोणी चांगलं काम केलं की तुम्ही म्हणता, तो दुसऱ्यापेक्षा उजवा ठरला. आणि कोणाकडे दुर्लक्ष केलं की म्हणता, त्याला डावललं. मी भांडायला आलेलो नाही. फक्त लक्षात आणून दिलं.

सध्या माझा मुक्काम एका स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी आहे. वारा सुटला की हे दार आपटतं, म्हणून मला त्याच्या खाली तिरका सरकवून ठेवतात. इथून अर्धं अंगण दिसतं, दोरीवरचे कपडे दिसतात आणि ओट्यापाशी उभ्या असलेल्या या घरच्या मामींची पावलं दिसतात. काम फार नाही, त्यामुळे बोलायला सवड आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. जाड चामडं, पुढे बोटांवर आतून लोखंडी टोपी आणि खाली रबराचा तळ. मला आणि माझ्या जुळ्या भावाला एकाच बाईंनी शिवलं, एकाच खोक्यात पाठीला पाठ लावून झोपवलं. खोक्यात असेपर्यंत आमच्यात काही फरक नव्हता. दुकानात मात्र पहिल्या दिवसापासून गिऱ्हाइकांपुढे उजवाच जायचा. ज्याला त्याला उजवाच घालून बघायचा असे. मी खोक्यात कागदाखाली पडून राही.

एक दिवस एक दणकट माणूस आला. दुकानदाराने सवयीने उजवा पुढे केला. त्या माणसाने तो बाजूला ठेवला.

"आधी डावा द्या."

"का हो? उजव्याने काय घोडं मारलंय?"

"त्याने काही केलं नाही. पण दिवसभर राबणार आहे तो डावा."

त्याने मला पायात चढवलं, लेस आवळली, स्टुलावर बसला आणि जमिनीवर माझा चवडा दाबून, सोडून, पुन्हा दाबून बघितला. मग मान हलवली. मित्रांनो, आयुष्यात कोणीतरी आपल्याला आधी विचारावं असं प्रत्येकाला वाटतं. मला त्या दिवशी फार बरं वाटलं, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

हा माणूस अवजड ट्रक चालवायचा. आज सगळे त्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. पण तेव्हा डेपोत त्यांचं नाव होतं 'डबल'. त्याचं असं झालं. त्यांच्या जुन्या ट्रकच्या गिअरबॉक्सला घाई चालत नसे. गिअर खाली घ्यायचा तर आधी क्लच दाबायचा, दांडा मधोमध आणायचा, क्लच सोडायचा, जरा रेस द्यायची, परत क्लच दाबायचा आणि मग दांडा हव्या त्या खाचेत सारायचा. एका गिअरला दोनदा क्लच. पुढे आलेल्या गाड्यांना इतके सोपस्कार लागत नव्हते, एकदा दाबला तरी पुरे होतं. पण मामांनी सवय सोडली नाही. म्हणून ते डबल. कॅन्टीनवालाही त्यांना न विचारता दोन कप चहा आणून ठेवायचा.

क्लच म्हणजे माझं खातं. उजव्याकडे रेस आणि ब्रेक, म्हणजे दोन खाती, आणि त्याचा त्याला भलता तोरा होता. पण गाडी कुठे अडते, कुठे सुटते, ते मला आधी कळायचं. पॅडल अर्धं वर आलं की एका जागी गाडी किंचित अंग आकसते. इंजिनाने चाकांना धरलं, त्याची ती खूण. ती जागा मामा डोळ्यांनी बघत नसत, माझ्या तळातून त्यांच्या पायाला कळायची. चढावर भरलेली गाडी थांबवून पुन्हा काढायची असली की मोठमोठे ड्रायव्हर आधी हँडब्रेक ओढत. गाडी बोटभर मागे गेली तरी मागच्याचा बंपर गेला. मामा अशा चढावर चहाचा भरलेला ग्लास समोर काचेखाली ठेवून गाडी काढत आणि थेंब सांडत नसे. लोक बघायला यायचे. मामा म्हणायचे, "डावा पाय गाडी चालवतो. उजवा नुसतं डिझेल जाळतो."

अशी बरीच वर्षं गेली. माझे तळ दोनदा बदलले, लेस तर कितीदा बदलल्या कोण जाणे.

मग मामांची भाची त्याच डेपोत ड्रायव्हर म्हणून लागली. त्यांच्या थोरल्या बहिणीची मुलगी. तिने पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर "मामा" अशी हाक मारली आणि झालं, फोरमनपासून वॉचमनपर्यंत सगळे डबलला मामा म्हणायला लागले. मामांना ते आवडलं. भाचीचं लायसन्स मात्र आवडलं नाही. ती ज्या गाडीवर शिकली, जिच्यावर परीक्षा दिली, ती ऑटोमॅटिक होती. त्या गाडीत क्लचचं पॅडल नसतं. गिअर गाडी स्वतः बदलते. तिच्या लायसन्सवर तसा शिक्का होता. क्लचच्या गाड्या चालवायची तिला परवानगी नव्हती, डेपोत नुकत्याच आलेल्या मोजक्या ऑटोमॅटिक गाड्यांपुरतीच ती ड्रायव्हर.

"म्हणजे अर्धं लायसन्स," मामा म्हणाले.

"ट्रक पूर्ण चालवते की मी. माल पूर्ण पोचतो."

"अगं, पण गिअर कोण टाकतं? गाडी टाकते. मग पगार गाडीला द्यायला हवा."

"तुमचं बरंय मामा. दर वेळी पायपंपाने हवा भरल्यासारखे पाय मारत बसता आणि वर कौतुकही करून घेता."

ती तोंडाची फटकळ, हे बिलकूल नाकारत नाही. पण कामात चोख होती. डेपोत जशा नव्या गाड्या येत गेल्या तसं तिच्याकडे शिकवण्याचं काम आलं आणि वर्षा-दोन वर्षांत ती ट्रेनर झाली. मामांनी पेढे बिढे काही आणले नाहीत, पण त्या दिवशी सगळ्यांना सांगत सुटले की ट्रेनरबाई माझी भाची आहे. आणि शेवटी हळूच जोडायचे, "अर्धी."

आता मुद्द्यावर येतो. मामांचा डावा गुडघा दुखायला लागला.

सुरुवातीला संध्याकाळी दुखायचा, मग दुपारपासून, मग सकाळी पहिल्या क्लचपासून. ट्रकचं क्लच पॅडल काही मऊ नसतं, आणि शहरातल्या वाहतुकीत दर काही पावलांवर दाबावं लागतं. त्यात आमचे मामा डबल. ते कोणाला बोलले नाहीत. फक्त पाय जरा बाहेरच्या अंगाला वळवून दाबायला लागले, कारण तसं दाबलं की कळ कमी येई. माझा तळ पूर्वी चवड्याखाली सारखा झिजायचा, तो आता बाहेरच्या कडेने झिजायला लागला. हे मला कळत होतं. पण बूट सांगणार कोणाला?

मामा का बोलत नव्हते, तेही मला ठाऊक होतं. गुडघ्याचं नाव काढलं की गाडीवरून खाली उतरवतील, अशी त्यांना धास्ती होती. उतरवलेल्यांना डेपोच्या वजनकाट्यावर बसवत. खोलीएवढी केबिन, एक खिडकी, आणि येणाऱ्या गाडीचं वजन बघून हात करायचा. रस्ता दिसतो, पण तो फक्त दुसऱ्यांचा. मामा त्या केबिनीवरून जाताना नेहमी मान दुसरीकडे वळवत.

अशातच एक दिवस सुपरवायझरने सगळ्यांना डेपोच्या आवारात बोलावून सांगितलं की वर्षअखेर क्लचच्या सगळ्या गाड्या विकणार. नव्या गाड्या ऑटोमॅटिक. प्रत्येकाने नव्या गाडीवर ट्रायल द्यायची, पास होईल तो गाडीवर, नापास होईल त्याला दुसरं काम. त्या दिवशी डेपोत कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता. आम्हा बुटांना ही उपमा तितकीशी आवडत नाही, पण गोंधळ खरोखर तसाच होता.

"लहान मुलांची गाडी आहे," मामा म्हणाले. "डाव्या हाताचा मळ."

डाव्या हाताचा असेलही. प्रश्न डाव्या पायाचा होता.

पहिली ट्रायल सकाळी झाली. मागे पाण्याने भरलेले पिंप लादले होते. भाची शेजारच्या सीटवर, मांडीवर तिचा जेवणाचा डबा. मामा बसले आणि मी खाली नजर टाकली. जिथे माझं पॅडल असायचं तिथे काहीच नव्हतं. नुसती सपाट जागा, आणि तिच्या उजवीकडे ब्रेकचं भलं रुंद पॅडल.

"हे बटण फिरवा, ब्रेक सोडा आणि रेस द्या. बाकी ती बघेल," भाची म्हणाली.

गाडी निघाली. इंजिनाचा आवाज चढला, आणि त्या आवाजाला मामांचं अंग गेली कित्येक वर्षं एकच उत्तर देत आलं होतं. डावा पाय उचलला गेला, क्लच शोधायला गेला आणि जे पहिलं पॅडल सापडलं ते पूर्ण दाबून मोकळा झाला. ते ब्रेकचं होतं. क्लच दाबायला जेवढा जोर लागतो तेवढा जोर ब्रेकवर पडला तर काय होतं, ते सांगायला नको. गाडी जागच्या जागी ठप्प. पिंप एकमेकांवर आदळले. भाचीचा डबा उडून काचेवर आपटला, उघडला आणि भाजी तिच्या मांडीवर आली.

मग भाचीने रुमाल काढला.

"मामा, क्लच नाहीये."

"माहीत आहे मला."

"पुन्हा घ्या."

पुन्हा घेतली. फाटकापाशी पुन्हा तेच झालं. या वेळी मागून येणारा टँकर अगदी जवळ येऊन थांबला आणि त्याच्या ड्रायव्हरने तोंडाचा पट्टा सुरू केला. ट्रायल तिथेच संपली. सगळे म्हणाले, डाव्या पायाने घात केला. आता बघा, मित्रांनो, पाय नेईल तिकडे बूट जाणार. त्यात माझा काय दोष? तरी केबिनमधून उतरताना मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच फितूर झालो होतो.

"तयारी कमी आहे. आणखी एक संधी मिळेल. शेवटची," भाचीने सांगितलं. मामी ज्या सुरात किराणा सांगतात त्या सुरात. पण सांगताना ती मामांकडे बघत नव्हती.

घरी मामांनी बूट न काढताच स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून सराव सुरू केला. ताट हातात धरून ताटाचं स्टिअरिंग करायचं, तोंडाने इंजिनाचा आवाज काढायचा आणि डावा पाय हलू द्यायचा नाही. आवाज चढला की पाय हलायचाच. मामी कणीक मळता मळता बघत होत्या.

"झोपेतसुद्धा दाबता तुम्ही. सगळं पांघरूण पायथ्याशी गोळा होतं."

"मग काय करू? पाय कापून ठेवू?"

"पाय कशाला? बूट काढा."

"बूट काढून काय होणार?"

"जागेपणी घरात बूट काढला की तुम्ही कामाचं नाव घेता का कधी? पाय मोकळा झाला की त्याला कळतं, सुट्टी आहे."

मामांनी ताट उचलून जागेवर ठेवलं. पण रविवारी, डेपो रिकामा असताना, भाचीला फोन करून त्यांनी मोकळ्या यार्डात सरावाला बोलावलं. आणि गाडीत चढल्यावर पहिली गोष्ट केली ती ही की लेस सोडून मला काढलं आणि दोन सीटांच्या मधल्या उंचवट्यावर आडवा ठेवलं.

"हे काय?" भाचीने विचारलं.

"तुझ्या मामीचा उपाय आहे. हसू नकोस."

"ट्रायलला बूट लागेल. नियम आहे. पण आज चालेल, यार्डात कोणी नाहीये."

मित्रांनो, मी तुम्हाला एक गोष्ट सांगितली नाही. इतकी वर्षं मी गाडीत होतो, पण मी रस्ता कधी पाहिला नव्हता. खाली पॅडलापाशी अंधार असतो. मला ठाऊक होते ते धक्के, गरम हवा आणि डिझेलचा वास; वरचं, काचेबाहेरचं जे सांगतो ते नंतर मामांकडून ऐकलेलं. त्या उंचवट्यावरून मला पहिल्यांदा समोरची काच दिसली. काचेतून आख्खं यार्ड, कुंपणापलीकडची झाडं आणि त्यापुढे जाणारा रस्ता दिसला. आणि पहिल्यांदा गाडी चालवताना मामांचा चेहरा दिसला. मला वाटायचं, या कामात त्यांचा चेहरा पायासारखाच घट्ट असेल. तसा नव्हता. गाडी सुरू झाली की त्यांच्या कपाळावरच्या आठ्या जात होत्या. या माणसाला वजनकाट्यावर बसवलं तर काय होईल, हे मला तेव्हा नीट कळलं.

मोजा घातलेला पाय खाली गप्प पडून होता. आवाज चढला तेव्हा थोडा वळवळला, पण गार पत्र्याला टेकलेलाच राहिला. एक चक्कर झाली, दुसरी झाली. भाची खूश झाली. तिने सहज मला हातात घेतलं, बाजूला ठेवायला म्हणून, आणि तिचा हात थांबला. तिने मला उलटा केला. मग खाली वाकून मामांच्या उजव्या पायातल्या माझ्या भावाच्या तळाची कड बघितली. मग पुन्हा माझा बघितला.

"मामा, गाडी थांबवा."

मामांनी थांबवली. उजव्या पायाने, अलगद.

"गुडघ्याचं कधी सांगणार होता?"

"कसला गुडघा?"

"डावा. बूट बाहेरच्या बाजूने पार खलास झालाय. आईच्या चपलासुद्धा गुडघा धरल्यापासून अशाच झिजतात."

मामांनी चावी फिरवून गाडी बंद केली.

"तुला काय वाटतं, मी या गाडीला नावं का ठेवतो?" ते म्हणाले. "मला माहीत नाही का, हिच्यात पायाला त्रास नाही? पण लोक मला डबल म्हणून ओळखतात गं. क्लच काढून घेतला तर मग मी कोण? आणि गुडघ्याचं बोललो तर वजनकाटा ठरलेला. म्हणून म्हटलं, वर्षअखेरपर्यंत तरी दात आवळून ओढू."

"आणि नंतर?"

"नंतरचा विचार केला नव्हता."

भाचीने मला मांडीवर ठेवलं होतं. तिचा आवाज नेहमीचा फटकळ नव्हता. "आईने तिचा गुडघा असाच लपवला होता. आता जिना बसत-बसत, भिंत धरून उतरते. तुमची ट्रायल मी घेईन. पण आधी डॉक्टर. आणि मग सुपरवायझरला तुम्ही स्वतः सांगायचं. मी सांगणार नाही आणि लपवणारही नाही."

डॉक्टरांनी गुडघा वाकवून, दाबून बघितला आणि सांगितलं की क्लचची गाडी आजपासून बंद. चालायला, उठायला-बसायला हरकत नाही. डाव्या पायाला काम नसेल अशी गाडी असेल तर खुशाल चालवा. मामांनी जाऊन सुपरवायझरला हेच जसंच्या तसं सांगितलं. सुपरवायझर माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "मग सरळ हिशेब आहे. नव्या गाडीवर पास झालात तर गाडी. नाहीतर काटा. आणि ट्रेनर तुमची भाची आहे, म्हणून मी स्वतः सोबत बसणार."

म्हणजे आता जुन्या गाडीवर परतायची वाटही बंद झाली. ज्या गाडीला मामांनी आयुष्यभर हसण्यावारी नेलं, तिच्याशिवाय त्यांना रस्ता उरला नव्हता.

ट्रायलच्या सकाळी मामांनी मला पायात घातलं. नियम तो नियम. लेस बांधताना त्यांनी मला दोनदा थोपटलं आणि पुटपुटले, "आज गप्प बस हं बाबा." माझ्याशी ते तेवढंच एकदा बोलले. बाकीचं आमचं सगळं बोलणं पॅडलावर झालेलं.

भाची शेजारी बसली, सुपरवायझर मागच्या बाकावर, हातात चहाचा कागदी कप. मामांनी आरशातून तो कप बघितला आणि माझ्या लक्षात आलं की ते मनातून हसले.

गाडी निघाली. आवाज चढला. पाय माझ्या आत ताठ झाला, मला स्पष्ट जाणवलं. पण उचलला नाही गेला. फाटक गेलं, बाजार गेला, पूल गेला. पुढे लांबलचक उतार लागला. तिथे गाडी आपल्या मनाने वरचा गिअर घ्यायला निघाली. तिला पुढचं आंधळं वळण दिसत नव्हतं, मामांना ठाऊक होतं. त्यांनी स्टिअरिंगजवळची छोटी दांडी ओढून गाडीला खालच्याच गिअरमध्ये धरून ठेवलं आणि ब्रेक न तापवता सावकाश उतरवलं. कागदावर खूण करताना भाचीची मान हलली.

वळण संपलं आणि एका दुकानाच्या आवारातून एक छोटी व्हॅन मागे न बघता उलटी रस्त्यावर आली. अगदी पुढ्यात.

अशा वेळी जुन्या ड्रायव्हरचे दोन्ही पाय एकदम खाली जातात. एक ब्रेकवर, एक क्लचवर. विचार करायला वेळ नसतो. मामांनी तसं हजारदा केलं होतं आणि मी हजारदा क्लच गाठला होता. माझ्या आत पायाची सगळी बोटं आकसली. उजवा ब्रेकवर गेला, एकटाच, ठाम आणि हळूहळू जोर वाढवत. मी जागेवरून हललो नाही. खरं म्हणजे पाय हलला नाही. पण आधी दोष मला मिळाला होता, तेव्हा हे श्रेयही थोडं मला द्या. माझ्या सगळ्या नोकरीतलं सर्वांत अवघड काम मी त्या दिवशी केलं, आणि ते काम म्हणजे काहीही न करणं.

गाडी व्हॅनपासून चांगल्या अंतरावर थांबली. व्हॅनवाल्याने कानाला हात लावून माफी मागितली. मामांनी आरशात बघितलं. सुपरवायझरने आधी कपात बघितलं, मग पँटवर, मग एक घोट घेतला.

डेपोत परत आल्यावर मामा उतरले. आता ते डावा पाय आधी खाली टाकत नाहीत, दोन्ही हातांनी धरून सावकाश उतरतात, भाचीने शिकवलंय तसे. ती समोर येऊन उभी राहिली.

"पास," ती म्हणाली.

"अर्धा की पूर्ण?" मामांनी विचारलं.

"माझ्यासारखेच. अर्धे."

मामा हसले आणि मग त्यांना डोळे पुसावे लागले. त्यांनी भाचीच्या डोक्यावर हात ठेवला. "अर्धी अर्धी म्हणालो तुला, ते मागे घेतो गं," एवढंच म्हणाले. ती म्हणाली, "राहू द्या मामा, मला सवय झाली." वजनकाट्याच्या केबिनीवरून जाताना त्या दिवशी त्यांनी मान वळवली नाही. आत बसलेल्या माणसाला हात केला.

पुढची गोष्ट थोडक्यात. वर्षअखेर जुने ट्रक एका ओळीत फाटकाबाहेर गेले. मामा बघायला थांबले होते. त्यांचा जुना ट्रक नेणाऱ्या माणसाने गिअर टाकताना गिअरबॉक्सचे दात खरडले, तेव्हा मामांच्या तोंडून "डबल मार रे" असं निघालं, पण काच बंद होती. नव्या गाडीत माझ्यासाठी डाव्या बाजूला एक छोटा पायठेवणा होता. त्यावर मी आरामात पडून असायचो. सगळा भार उजव्यावर आला आणि काही महिन्यांत त्याचा तळ उकलला. त्याला टाकून दिलं. एका बुटाचं कोणी काय करणार? नवा जोड आला. मला मामींनी उचललं आणि या दाराखाली बसवलं. दाबून धरायचं आणि हलायचं नाही, एवढंच काम. मला ते आता चांगलं जमतं.

भाची अधूनमधून येते. आत येताना मला न चुकता पायाने जरा सरळ करते. मामा रोज सकाळी गाडीवर जातात. डेपोत अजूनही काही जण डबल म्हणतात आणि चहाचे दोन कप अजून येतात.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी आम्ही तुम्हाला विनंती करायची असते, जुन्या वस्तू जपा वगैरे. मला जपायची गरज नाही, दार आहे तोवर मी आहे. पण तुमच्या घरात कोणी जिना चढताना कठड्याला धरत असेल, खुर्चीतून उठताना हसून वेळ मारून नेत असेल, तर त्यांना विचारा. आणि तुम्हाला काही दुखत असेल, तर ते डावलू नका. तोंडाने सांगा. प्रत्येकाच्या घरी बूट उलटा करून बघणारी भाची नसते.